वाचक विचारतात : एका दिवसात मुंबई होतेय काय?

दसऱ्याची सुट्टी जवळ आली की या सदराकडं मुंबईची पत्रं सुरू होतात. गोवा आपल्याला दोन-तीन तासांवर, कोल्हापूर तर दारातच, पण दोन जिवलग घरं मिळून कुठंतरी जाऊया म्हटलं की बेळगाव-निपाणीकडच्या माणसाच्या तोंडात पहिल्यांदा मुंबईच येते, का ते विचारू नका. यावेळी सहा पत्रं घेतलीत. पहिल्याचं उत्तर जरा लांबलंय, चालवून घ्या.

प्रश्न : आम्ही शाळेपासूनच्या दोघी मैत्रिणी, दोन्ही घरं मिळून दहा माणसं होतो, त्यात चार पोरं, माझ्या सासूबाई आणि मैत्रिणीचे सासरे, त्यांचं वय ७८. रात्री निघायचं, दिवसभर मुंबई करायची आणि रात्रीच्याच गाडीनं परत असं ठरलंय. आमच्या मिस्टरांनी लिस्ट केलीय, सिद्धिविनायक, महालक्ष्मी, हाजी अली, राणीबाग, एलिफंटा, गेटवे, म्युझियम, मरीन ड्राईव्ह, जुहू आणि जमलं तर फिल्मसिटी. होईल काय?
— एक ताई, शहापूर, बेळगाव

उत्तर : ताई, लिस्ट झकास आहे, फक्त ती चार दिवसांची आहे. जुहू आणि फिल्मसिटी आत्ताच्या आत्ता खोडा, ती वर उपनगरात, गेटवे पार खाली टोकाला, आणि मधलं ट्रॅफिक तुम्हाला ओळखत नाही. एलिफंटापण खोडा. लेणी बघण्यासारखी आहेतच, १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, पण गेटवेवरनं बोटीला जायला तास, यायला तास, वर शंभराच्या वर पायऱ्या, म्हणजे अर्धा दिवस तिथंच खलास आणि ७८ वर्षांचे मामंजी खाली जेट्टीवर पिशव्या राखत बसणार. पोरांना बोटीत बसायचंच असेल तर गेटवेवरनं समुद्रात छोटी फेरी मारून आणतात ती घ्या, लाईफ जॅकेट मात्र स्वतः मागून घ्या, बोटवाला देईल म्हणून थांबू नका.

एका दिवसात मुंबई होत नाही, मुंबईचा एक तुकडा होतो. मी तुमच्या जागी असतो तर सीएसएमटी, हुतात्मा चौक, म्युझियम, गेटवे आणि संध्याकाळी मरीन ड्राईव्ह एवढाच तुकडा घेतला असता, सगळं एकमेकांना लागून आहे, एखादा दमला तर टॅक्सीत घालून पुढच्या ठिकाणी पाठवता येतं. सिद्धिविनायकाचं दर्शन सकाळी लवकर उरकत असेल तर उरका, पण मंगळवार असेल तर लांबनंच हात जोडा.

आता खरी अडचण, जी कुणाच्याच लिस्टमध्ये नसते, ती म्हणजे दहा माणसांच्या आंघोळी. जवळजवळ पाचशे किलोमीटर रात्रभर हादरत आलेली माणसं, कागलपासून साताऱ्यापर्यंत सहापदरीच्या कामानं बस नाचवलेली, पोरांचं पोट बिघडलेलं, आणि तुम्ही म्हणताय चला गेटवे बघूया. दादरला उतरा, स्टेशनजवळ लॉजच्या दोन खोल्या अर्ध्या दिवसासाठी मिळतात का ते आधीच फोन करून ठेवा, त्यातच वेळ वाचेल. मोठ्या स्टेशनवर क्लोकरूम असते पण तिथं बॅगेला कुलूप लागतंय, आपली दोरीनं बांधलेली पिशवी घेत नाहीत. आणि डोंबिवलीला मामा आहेत, तिकडं आंघोळ करून येऊया असं कुणीतरी म्हणणारच, त्याचं ऐकू नका. जाऊन येऊन सकाळ संपते, वर मामी पोहे खाल्ल्याशिवाय सोडत नाही.

रेल्वेनं जाणार असाल तर हुबळीहून बेळगाव करून दादरला जाणारी रात्रीची एक्सप्रेस आहे, ती दादरलाच संपते, म्हणजे उतरायची घाई नाही, म्हाताऱ्या माणसांना बसपेक्षा तीच बरी. फक्त दहा बर्थ एकत्र पाहिजेत तर रिझर्वेशन सुटल्या सुटल्या काढा.

दादरपासून खाली जायला पूर्वी लोकलशिवाय इलाज नव्हता. आता भुयारी मेट्रो, तीन नंबरची, ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत पूर्ण चालू झालीय. दादरला बसायचं आणि थेट सीएसएमटी नाहीतर हुतात्मा चौक. मेट्रोचं दादर रेल्वे स्टेशनला चिकटून नाही, पश्चिमेला थोडं चालावं लागतंय, पण लिफ्ट आहे, सरकता जिना आहे, सासूबाईंचे गुडघे तुम्हाला दुवा देतील. आणि हो, दादरला बाहेर येऊन ऑटो, ऑटो करून ओरडू नका, तिकडं ऑटो चालतच नाहीत, काळी-पिवळी टॅक्सी असते, तिच्यात चार माणसं, म्हणजे तुम्हाला तीन टॅक्स्या. तिन्हीत एकेक मोबाईलवालं माणूस बसवा.

लोकल पोरांना दाखवायचीच असेल, आणि दाखवावी, १८५३ साली १६ एप्रिलला देशातली पहिली पॅसेंजर गाडी बोरीबंदरवरनं, म्हणजे आताच्या सीएसएमटीकडनं, ठाण्याला सुटली, तर दुपारी रिकाम्या वेळी दाखवा. सकाळी आठ ते अकरा खाली जाणाऱ्या गाडीला हात लावू नका. आमचं सांगतो. आम्ही दोन घरं मिळून नऊ जण गेलो होतो, दादरला स्लो गाडी आली, माझी आई पुढं उभी होती, गर्दीनं तिला उचलून आत ठेवलं, भाकरीची पिशवी आत गेली आणि आम्ही आठ जण बाहेर. गाडी थांबते पंधरा-वीस सेकंद. आईचा मोबाईल माझ्या खिशात. पुढची गाडी येईपर्यंत माझा जीव कुठं होता मला माहीत नाही, बायको म्हणाली परळला बघूया, पुढचं स्टेशन तेच. आई परळच्या बाकड्यावर निवांत बसलेली, डब्यातल्या एका बाईनं तिला उतरवून दिलं होतं, शेजारच्या पोराला शेंगाची चटणी आणि अर्धी भाकरी देऊन झाली होती, आम्हाला बघून म्हणते, "कुठं हरवलासा रे तुमी सगळी?"

तेव्हापासून आमच्यात नियम आहे, चुकामूक झाली तर जो गाडीत राहिला त्यानं पुढच्या स्टेशनला उतरून तिथंच थांबायचं, हलायचं नाही. घरातनं निघायच्या आधी पोरांकडून तीनदा म्हणून घ्या. आणि म्हाताऱ्या माणसाच्या खिशात दोन नंबर लिहिलेली चिठ्ठी.

सीएसएमटीला नुसता बाहेरनं फोटो काढून पळू नका. ती इमारत बांधायला १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं गेली, २००४ ला जागतिक वारशात गेली, पण पोरांना हे सांगून काही होत नाही, पोरांना सांगा गेटाच्या खांबांवर एकीकडं सिंह आहे नि एकीकडं वाघ, कुठला कुणाचा ते ओळखा. सिंह ब्रिटनचा, वाघ आपला. मग भिंतीवर मोर शोधा, माकडं शोधा, अर्धा तास पोरं मान वर करून गप्प, तेवढ्यात मोठ्यांचा चहा होतो.

तिथनं हुतात्मा चौक. इथं जरा थांबतो. आमच्याबरोबर मित्राचे वडील होते, त्यांना सगळे आबा म्हणतात. माणूस आयुष्यभर १७ जानेवारीला, सीमालढ्याच्या हुतात्मा दिनाला, बेळगावच्या हुतात्मा चौकात न चुकता जाणारा, "बेळगाव, कारवार, निपाणी" म्हणून घसा फोडलेला. मुंबईतला तो चौक त्यांनी फक्त फोटोत बघितला होता. मला वाटलं इथं आता आबा काहीतरी बोलणार, मित्रानं तर मोबाईलचा व्हिडिओपण चालू केला. आबांनी मशाल धरलेल्या त्या शेतकरी-कामगाराच्या पुतळ्याकडं बघितलं, चपला काढल्या, हात जोडले आणि म्हणाले, "इथं कुठं बसायला जागा हाय काय?" मग कठड्यावर दहा मिनिटं बसले. पोरं शेजारच्या फ्लोरा फाउंटनवरची कबुतरं मोजत होती, १८६४ चं कारंजं आहे ते. मित्रानं व्हिडिओ बंद केला. ताई, मैत्रिणीचे मामंजी ७८ चे म्हणताय, त्यांना निघायच्या आधी एकदा विचारा की मामंजी तुम्हाला मुंबईत काय बघायचंय, मिस्टरांच्या लिस्टवर ते नसेल, आणि ते पहिल्या नंबरला घाला.

म्युझियम, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, १९२२ पासून लोकांना उघडं आहे, पोरांचा दम तिथं दीड तास टिकतो, त्याच्यावर ओढू नका. ज्या विटेट साहेबानं ते बांधलं त्यानंच गेटवेपण बांधलं. गेटवेची गंमत अशी की राजा पंचम जॉर्ज १९११ ला आला तेव्हा तिथं नुसता पुठ्ठ्याचा देखावा होता, पाया घातला १९१३ ला आणि दरवाजा लोकांना खुला झाला १९२४ ला, राजा केव्हाच घरी. सरकारी काम तेव्हापण तसलंच. आणि १९४८ च्या फेब्रुवारीत गोऱ्यांची शेवटची पलटण त्याच दरवाज्यातनं गेली, ही गोष्ट मात्र पोरांना आवडते.

संध्याकाळी सूर्य बुडायच्या अर्धा तास आधी मरीन ड्राईव्हच्या कट्ट्यावर बसा, काही करू नका, चपला सांभाळा. घरनं आणलेली दशमी नि चिवडा तिथं काढा, भेळ हवी तर पुढं गिरगाव चौपाटीवर.

परतीच्या बसचं एक लक्षात ठेवा. आमची बस, ट्रॅव्हल्सचं नाव घेत नाही, तिकिटावर एक पॉईंट आणि ऐन वेळेला फोन, की ब्रिजच्या पलीकडं या. नऊ माणसं, दोन झोपलेली पोरं आणि मधे सहा लेन. म्हणून दुपारीच त्यांना फोन करून विचारा की रस्त्याच्या कुठल्या बाजूला, कुठल्या दुकानासमोर, आणि तासभर आधी जाऊन बसा. उशीर बसनं केलेला चालतो, आपण केलेला चालत नाही.

प्रश्न : आमची आई म्हणते आधार कार्ड दाखवून मुंबईपर्यंत फुकट जाता येतं, कर्नाटकच्या बसनं. खरं काय?
— एक वाचक, अनगोळ

उत्तर : आईंना नमस्कार सांगा. जून २०२३ पासूनची शक्ती योजना, म्हणजे बायकांना फुकट प्रवास, कर्नाटकातल्या सरकारी साध्या बसला आहे, लक्झरी आणि स्लीपरला नाही आणि मुंबईला तर नाहीच नाही. निपाणीपर्यंत आईंचा रुबाब, पुढं तिकीट. आमच्याकडं एका मावशीनं कंडक्टरशी कोगनोळीपर्यंत वाद घातला होता, तरी तिकीट फाडावंच लागलं.

प्रश्न : कुठल्या वारी जावं? रविवारी गर्दी कमी असते म्हणतात.
— निपाणीहून एक शिक्षक

उत्तर : सर, रविवारी ऑफिसवाली गर्दी नसते हे खरं, पण रविवारी लोकलला मेगाब्लॉक असतो, दुरुस्तीसाठी दिवसाचे चार-पाच तास गाड्या कमी नाहीतर दुसऱ्याच रुळावर, आणि गेटवे, चौपाटीला अख्खी मुंबई सहकुटुंब बाहेर पडलेली. सोमवारी एलिफंटा बंद, तारांगणपण बंद. बुधवारी राणीबाग बंद, नि पोरं पेंग्विन पेंग्विन करत गेटवर रडणार. माझ्या मते गुरुवार नाहीतर शुक्रवार.

आणि आपल्याकडच्या लोकांना एक फायदा आहे तो कुणी घेत नाही. आपल्या कर्नाटकच्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला, महाराष्ट्रातल्या शाळांना दिवाळीला. म्हणजे दसरा झाल्यावर आपली सुट्टी शिल्लक असते आणि मुंबईची पोरं शाळेत बसलेली असतात. तेव्हा राणीबागेत पेंग्विनच्या काचेला नाक लावून उभं राहायला जागा मिळते. दिवाळीत गेलात तर पेंग्विन तुम्हाला बघायला येईल एवढी गर्दी. नवरात्र चालू असताना मात्र महालक्ष्मीला जाऊ नका, गेलात तर बाकीचा दिवस विसरा.

प्रश्न : आमच्याबरोबर शेजारचं कानडी कुटुंब येतंय, वीस वर्षांचा घरोबा आहे, पण आजींना मराठी कळतं, बोलायला येत नाही, आणि त्यांना बाहेरचं खाणं चालत नाही. मुंबईत त्यांना परकं वाटेल काय?
— एक वहिनी, वडगाव

उत्तर : वहिनी, आजींना सकाळी सकाळी माटुंग्याला न्या. दादरवरनं एकच स्टेशन वरच्या बाजूला, त्या वेळी तिकडं जाणाऱ्या गाडीला गर्दी नसते. माटुंग्याला जुन्या उडपी खानावळी आहेत, शाकाहारी, केळीच्या पानावर जेवण वाढतात, फिल्टर कॉफी पितळेच्या पेल्यात, आणि बरेच वाढपी कानडी बोलणारे. आजी एकदा "स्वल्प सांबार हाक्री", म्हणजे थोडं सांबार वाढा, म्हणाल्या की दिवसभर त्यांचा चेहरा बघा. आमच्या घरातला एकजण तिथं म्हणाला, इडली खायला मुंबईला कशाला यायचं, ती तर बेळगावात मिळते. त्याला सांगितलं, बेळगावची इडली बेळगावात खा, इथं आजींचा नाश्ता आहे. मग तोच तीन प्लेट खाऊन उठला.

प्रश्न : मागल्या ट्रीपला पैशावरनं दोन घरांत कुरबूर झाली, त्यांची माणसं पाच, आमची तीन, खर्च मात्र अर्धा-अर्धा. यावेळी काय करावं? मैत्री जुनी आहे, बोलायला लाज वाटते.
— नाव नको, संकेश्वर

उत्तर : निघायच्या आदल्या दिवशी डोकीप्रमाणे कॉन्ट्री काढा, मोठ्या माणसाचे पूर्ण, बारा वर्षांखालच्याचे अर्धे, आणि सगळी रक्कम एकाच माणसाकडं, शक्यतो दोन्ही घरांतल्या सगळ्यात कंजूष माणसाकडं. चहा-पाणी, टॅक्सी, मेट्रो, जेवण त्यातनं. खरेदी आणि पोरांचे हट्ट ज्याचे त्यानं. कुलाब्याच्या फुटपाथवर तुमच्या वहिनींनी सहा पर्सा घेतल्या तर त्याचा तुमच्याशी संबंध नाही. उरलेले पैसे परतीच्या बसमध्येच वाटून टाका, "असू दे, पुढच्या वेळेला" म्हणून ठेवू नका, कुरबुरीचं मूळ तिथंच असतंय. आणि बोलायची लाज वाटत असेल तर ही कॉलमची पानं त्यांच्या घरी चहाच्या टेबलावर विसरून या.

प्रश्न : माझे वडील खानापूर तालुक्यातनं तरुणपणी मुंबईला गेले, लोअर परळकडच्या गिरणीत होते, संपानंतर गावाकडं आले ते परत गेलेच नाहीत. आता म्हणतात मला गिरणी दाखवा, बाकी काही नको. पोरं म्हणतात मुंबईचा मोठा मॉल. दिवस एकच आहे. दोन्ही कसं जमवायचं?
— एक वाचक, नंदगड

उत्तर : दादा, दोन्ही एकाच जागी आहे. लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारातच तो मोठा मॉल उभा आहे. वडिलांची गिरणी तीच नसली तरी त्या भागात फिरताना बघा, काही आवारांत जुनी चिमणी अजून उभी आहे, आजूबाजूला काचेच्या इमारती.

संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला, अडीच लाखाच्या आसपास कामगार होते, आणि आपल्या खानापूर-चंदगडकडच्या कितीतरी घरांत त्या वर्षी माणूस ट्रंक घेऊन परत आला. त्याच्या आधी एकेका गावाची गिरणगावात एकेक खोली असायची, दहा बाय बारात वीस-पंचवीस जण, एक पाळी कामावर गेली की दुसरी पाळी त्याच वळकटीवर झोपायची, जेवण खानावळवाल्या मावशीकडं. वडिलांना त्यांच्या गावाची खोली कुठल्या चाळीत होती ते आठवत असेल तर आधी तिकडं जा, चाळ असेल तर असेल, नसेल तर टॉवर असेल, पण गल्ली सापडते, वळण पायाला माहीत असतं.

पोरांना सांगा, मॉलमध्ये शिरायच्या आधी आजोबांना तीन गोष्टी विचारा, खातं कुठलं, म्हणजे साचा (विणकाम) काय त्रासन (सूतकताई), पाळी कुठली आणि तिकीट नंबर किती. नंबर अजून पाठ असणार. मॉलमध्ये एसीत बसायला जागा असते, तिथं त्यांना पाणी द्या, घाई करू नका, तुमच्या बसला वेळ आहे, परळहून सायनचा बसचा पॉईंट काही लांब नाही. फक्त संध्याकाळी सहाच्या आत निघा.